नानांचं वजन आणि माझी खिचडी

बायको विजयवाड्याला रुजू झाली त्या सोमवारी मी सकाळी उपमा केला. नानांनी चमच्यानं तो बशीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला नेला, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "बस झालं."

"आवडला नाही का?"

"आवडायचं काय त्यात? बस झालं."

माझ्या उपम्यात चमचा रोवला तर तो उभाच राहत होता, त्यामुळे मी काही मनावर घेतलं नाही. मंगळवारी पोहे केले. दोन घास, बस झालं. बुधवारी रात्री मुगाचं वरण आणि भात, वर तूप, बाजूला लिंबाची फोड. हे तर कुणालाही जमतं, आजाऱ्यालाही उतरतं. दोन घास, बस झालं. नाना म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. आदल्या रविवारपर्यंत हाच माणूस सुनेच्या हातच्या दोन भाकऱ्या आणि वर भात खाऊन "आता काय, म्हाताऱ्याला एवढंच" म्हणत होता.

बायको का गेली ते सांगायला हवं. राज्याचे दोन भाग झाले, मग कर्मचाऱ्यांचेही दोन भाग करायचं ठरलं. कोण कुठला, हे जन्मावरून नाही, शाळेवरून ठरायचं. दहावीपर्यंतची सलग चार वर्षं जिथं शिकलात, तिथले तुम्ही. माझी बायको इथंच, हैदराबादेत, नारायणगुड्यात जन्मली आणि लग्न करून हिमायतनगरला आली. उभ्या आयुष्यात तिनं स्वतः केलेलं हे सगळ्यात मोठं स्थलांतर, रिक्षानं दहा मिनिटांचं. पण तिचे वडील सरकारी नोकरीत होते, मधली काही वर्षं त्यांची बदली कर्नूलला, म्हणजे आताच्या पलीकडच्या राज्यात, झाली होती, आणि ही सातवी ते दहावी तिथं शिकली. झालं. कागदावर ती पलीकडची ठरली. पहिली दोन वर्षं काही बिघडलं नाही, कारण पलीकडचं ऑफिसही इथंच होतं. मग ते विजयवाड्याला हललं. सोमवारी पहाटेच्या गाडीनं ती जायची, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं यायची. मुलगी शिकायला बेंगळुरूला. घरात उरलो नाना आणि मी.

जाताना तिनं मला एकच सांगितलं, "बाकी कसंही राहा. नानांच्या जेवणाकडे तेवढं बघा."

मी बघत होतो. बघण्यापलीकडे मला काही येत नव्हतं ही खरी अडचण. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू कसा वाढतो, हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर कुकरचं चित्र काढून समजावत आलो आहे. त्या आठवड्यात खऱ्या कुकरनं पहिली शिट्टी दिली आणि डाळीचं पिवळं पाणी छतापर्यंत गेलं. मी टेबलावर चढून ते पुसत होतो तेव्हा नाना दारात येऊन उभे राहिले.

"किती पाणी घातलं होतंस?"

"प्रमाणात घातलं होतं."

"कशाच्या?" असं विचारून ते परत खोलीत गेले.

मग मी बायकोला फोन करायला लागलो. ती मीटिंगमध्ये असायची. "अहो, थोडा वेळ थांबा" म्हणून फोन ठेवायची, आणि दोन मिनिटांनी दबक्या आवाजात, बहुतेक जिन्यात उभी राहून, "हिंग. हिंग राहिला असेल" एवढंच सांगायची. हिंग खरंच राहिलेला असायचा. हिंग घातला तरी नाना दोनच घास खायचे.

पहिला आठवडा संपता संपता मी चिडलो. चिडून मी तक्ता केला. सात दिवस, दोन वेळा, चौदा रकाने. फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावला. मंगळवार रात्र पिठलं-भात, बुधवार सकाळ थालीपीठ, गुरुवार रात्र टोमॅटोचं चारू, म्हणजे पातळ सार, जे आमच्या घरी तेलुगू शेजारणीकडून आलं आणि मग कायमचं राहिलं. रविवारी बायको घरी असतानाच कांदे चिरून, डाळी शिजवून, आलं-लसूण वाटून मी डबे भरून ठेवायला लागलो. ती म्हणाली, "मी करून ठेवते की." मी म्हणालो, "तू हात लावायचा नाहीस. ही माझी पद्धत आहे." ती कपाळाला हात लावून बाहेर गेली.

माझी पद्धत बुधवारपर्यंत टिकली. बुधवारी थालीपीठ तव्याला असं धरून बसलं की शेवटी तवाच भिजत घालावा लागला. नानांना मी ब्रेडला तूप लावून दिलं. त्यांनी अर्धा तुकडा खाल्ला. कॉलेजला मी रोज अर्धा तास उशिरा पोचत होतो, शर्टाला हळद लागलेली, आणि प्राचार्य मला पाहून घड्याळाकडे नाही, शर्टाकडे बघत होते.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. नाना जेवत नव्हते, पण दर रविवारी सकाळी बाथरूमजवळच्या काट्यावर उभे राहायचे आणि मला बोलवायचे.

"किती?"

"चोपन्न."

"लिहून ठेव. तारीख घाल."

पुढच्या रविवारी बावन्न. "लिही." मला वाटलं, तब्येतीची काळजी. नाना सचिवालयातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट लिहिल्याशिवाय झाली असं त्यांना वाटतच नाही. सरकारी आदेशाची बातमी आली की अजूनही कापून फाइलला लावतात. बायकोचा फोन आला की आधी विचारायचे, "अर्ज दिलास का?" तिनं परतीच्या बदलीसाठी अर्ज द्यावा म्हणून ते मागे लागले होते. "देते, नाना," ती म्हणायची. "तिथं नव्या जागेत अजून टेबलं लागलेली नाहीत, अर्ज ठेवणार कुठं?"

तिसऱ्या आठवड्यात अक्काचा फोन आला. अक्का माझी थोरली बहीण, तीस वर्षांपूर्वी लग्न करून पुण्याला गेली. व्हिडिओवर तिनं नानांना पाहिलं आणि मला म्हणाली, "फोन घेऊन जरा बाहेर जा."

गेलो.

"अरे, गळ्याची हाडं दिसताहेत त्यांच्या. तू त्यांना काय घालतोयस?"

"सगळं घालतो. ते खात नाहीत."

"तू केलेलं मीही खाल्लं नसतं. मी शुक्रवारी येते. रविवारची परतीची दोन तिकिटं काढलीत."

"दोन?"

"मग काय, मी दोन सीटवर बसणार आहे?"

नानांना सांगितलं तेव्हा ते उठून खिडकीशी गेले. त्यांच्या तरुणपणी एकदा राज्यं अशीच मोडून नव्यानं जुळवली होती. त्यांचे दोघे भाऊ तेव्हा औरंगाबादला गेले, आज तिथंच त्यांची नातवंडं आहेत. नानांनी तेव्हा लिहून दिलं होतं, इथंच. आता ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मला विचारलं तरी होतं त्या वेळी सरकारनं." मग माझ्याकडे वळून, "शुक्रवारी येते ना? आज कोणता वार?"

"सोमवार."

"चार दिवस," ते स्वतःशीच म्हणाले. मला वाटलं, घाबरले.

घाबरलो मीच होतो. नाना पुण्याला गेले की परत येणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस दोन महिन्यांसाठी कुठं जात नाही. आणि बायको शुक्रवारी येऊन विचारणार, मी तुमच्यावर एवढं एकच सोपवलं होतं ना? घरात मी आणि तो तक्ता उरणार.

म्हणून शुक्रवारी सकाळी मी खिचडी करायचं ठरवलं. आमच्या घरी खिचडी सकाळीच. हैदराबादेत तशीच असते, मसूर डाळ आणि तांदळाची, हळद घातलेली पिवळी, मोकळी. तिच्यावर तळलेला पापड आणि खट्टा. खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ पाणी, त्यात भाजून कुटलेले तीळ, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. तो चुलीवर चढवायचाही नसतो. नानांचा जीव त्या खट्ट्यावर. चिंच आणि तीळ आणायला ते स्वतः बेगम बाजारला जायचे, दुकानदाराच्या गादीवर बसून चिंच चाखून बघायचे आणि दोन दुकानं नापास करून तिसऱ्यात घ्यायचे. गुरुवारी मी एकटा गेलो. चाखायचं मला कळत नाही, म्हणून ज्या दुकानात गर्दी होती तिथं घेतली.

अक्का सकाळी सातला आली. बॅग ठेवली, नानांच्या पाया पडली, त्यांच्या मनगटाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेलो.

खिचडी तळाला लागली होती, पण वरून बरी होती. मी वरवरचीच काढली. टेबलावर आणली तर अक्का म्हणाली, "सकाळी सकाळी खिचडी? आजारी माणसाला?"

"अक्का, तू इथंच वाढलीस."

"वाढले म्हणून काय? पुण्यात कुणाला सांगितलं की आम्ही न्याहारीला खिचडी खायचो, तर विचारतात, घरात कोण आजारी होतं? आणि हे काय? चिंच! या वयात चिंच! दाताची काय अवस्था होईल?"

"दात माझे नाहीत," नाना म्हणाले. "कवळीला काय होतंय."

मी त्यांच्या बशीत खिचडी वाढली, वरून खट्टा घातला. तिळाचा वास टेबलभर पसरला. नानांनी डोळे मिटले. मी अक्काकडे बघितलं, अक्का नानांकडे. त्यांचा हात बशीकडे गेला, थांबला, मग त्यांनी फक्त पापड उचलला. एक तुकडा मोडला. चावला. आणि बशी पुढं सरकवली.

"बस झालं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. मी पहाटे पाचला उठलो होतो, तीळ भाजताना बोट भाजलं होतं, दुपारचं लेक्चर दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं होतं. मी म्हणालो, "नाना, तुम्हाला जायचंच असेल पुण्याला तर सरळ सांगा. अशी माझी परीक्षा कशाला घेता?"

"मला कुठं जायचंय?" नाना म्हणाले. "मला कोठीला डॉक्टरकडे जायचंय. आत्ता. अक्काही येऊ दे, साक्षीला."

साक्षीला कशाला, ते आम्हाला कळलं नाही. रिक्षा केली आणि तिघं कोठी भागातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हातारे, नानांना कितीतरी वर्षं ओळखणारे. त्यांनी छाती तपासली, रक्तदाब बघितला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, जीभ बघितली. वजन केलं. पन्नास. नानांनी माझ्याकडून तो तारखांचा कागद मागून घेतला आणि डॉक्टरांसमोर ठेवला.

डॉक्टर हसले. "चाचा, आपकू कुच नई हुआ. भूक लगी है आपकू. बस."

नानांचा चेहरा पडला. ज्या बातमीनं आम्ही दोघं भावंडं खुर्चीत सैल झालो, तिनं नाना खचले. "नीट बघा डॉक्टरसाब," ते म्हणाले. "तीन हफ्ते में चार किलो. कुछ तो होगा. लिखके दीजिए."

"क्या लिखूं?"

"की हालत गंभीर है. बहू घर में होना जरूरी है."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अक्का माझ्याकडे बघायला लागली. आणि मला एकदम सगळं कळलं: तो काटा, त्या तारखा, "अर्ज दिलास का?", बशीपाशी थांबलेला तो हात.

"नाना," मी म्हणालो, "तुम्ही मुद्दाम उपाशी राहत होतात?"

"उपाशी कुठं? दोन घास खात होतो." ते भिंतीकडे बघून बोलत होते. "आदेशात स्पष्ट आहे. अवलंबित माणसाला गंभीर आजार असेल तर बदलीचा फेरविचार होईल. पेपरात आलं होतं, मी कापून ठेवलंय. नुसत्या अर्जावर कोणी सही करत नाही. सोबत कागद लागतो. मी तीस वर्षं असे अर्ज फेटाळलेत, मला माहीत आहे."

डॉक्टरांनी नानांचा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, पण लिहून काही दिलं नाही. परत येताना रिक्षात अक्का मध्येच नाक पुसत होती. मला नानांची दया येत होती आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. तीन आठवडे मी माझ्या वरणाला, मिठाला, हिंगाला दोष देत होतो. हिंगासाठी मी एका सरकारी अधिकाऱ्याला मीटिंगमधून उठवत होतो!

रात्री बायको आली. चप्पल काढायच्या आतच अक्कानं तिला सगळं सांगितलं. ती तशीच नानांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या पलंगावर बसली. आम्ही दोघं दारात.

"नाना, तो आदेश मी वाचलाय. त्यात सासरे येत नाहीत."

"का नाही येत?"

"नवरा किंवा बायको, आणि मुलं. एवढंच."

"अवलंबित असं लिहिलंय."

"हो. पण तुम्हाला पेन्शन आहे ना? तुम्ही कुणावर अवलंबून नाही, नाना. सरकारच म्हणतंय."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बातमीत हे नव्हतं," ते म्हणाले. "मूळ प्रत बघायला हवी होती. माझ्या हाताखालच्या कारकुनानं ही चूक केली असती तर मी त्याला उभा केला असता." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "म्हणजे फुकटच."

"मला एकदा विचारायचं होतं," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला होता. असा चढलेला मी फार कमी वेळा ऐकला आहे. "मी तिकडं परक्या गावात, खोलीत एकटी, रोज यांना विचारते की नाना जेवले का. हे सांगतात, दोन घास. मला तिकडं घास उतरत नाही. आणि तुम्ही इकडं कागद तयार करताय!"

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग अक्काकडे बघून म्हणाले, "काही आहे का खायला?"

सकाळची खिचडी होती. गरम केली. नानांनी ती सगळी खाल्ली, तळाची करपलेलीसुद्धा. खट्ट्याची वाटी तोंडाला लावून संपवली. अक्का "नाना, चिंच, चिंच" करत राहिली. दोन दिवस बायको आणि अक्का यांनी आलटून पालटून त्यांना वाढलं आणि ते खात राहिले. शनिवारी अक्कानं पुण्याचा विषय पुन्हा काढला. "इथं यांच्या हातचं खाऊन तुम्ही राहणार आहात?" असं विचारताना तिनं माझ्याकडे बोट केलं.

"उत्तम करतो तो," नाना म्हणाले. "मला काही त्रास नाही. खिचडी तर फारच छान झाली होती."

इतकी वर्षं मुलगा असूनही ही असली तारीफ मला कधी मिळाली नव्हती. अक्कानं शेवटी एक तिकीट रद्द केलं, दर रविवारी वजनाचा फोटो पाठवायचा असं माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि रविवारी एकटी गेली.

सोमवारी पहाटे बायकोला स्टेशनवर सोडून आलो. आल्या आल्या पुन्हा खिचडी टाकली, त्याच चिंचेचा खट्टा केला, पापड तळला. म्हटलं, एवढी आवडली आहे तर. नाना आंघोळ करून येऊन बसले. पहिला घास घेतला. चावला. मग चमचा खाली ठेवून बोलायला लागले.

"मीठ कमी आहे. शुक्रवारीही कमीच होतं. डाळ आणि तांदूळ वेगवेगळे शिजलेत, त्यांची अजून ओळख झालेली नाही. तीळ कच्चे भाजलेस. ही चिंच जुनी नाही, यंदाची आहे, म्हणून पाणी असं फिकट दिसतंय. कुठल्या दुकानातून आणलीस?"

"गर्दी होती त्या."

"गर्दी स्वस्ताला असते." त्यांनी आणखी एक घास घेतला. "त्या पहिल्या सोमवारचा उपमा. रवा भाजलाच नव्हतास. मंगळवारी पोहे फार भिजवलेस. त्या पिठल्यात गुठळ्या होत्या, मी पाच मोजल्या. आणि थालीपीठ तव्यावर टाकायच्या आधी तवा तापवतात."

मी पापडाचा चिमटा हातात घेऊन तसाच उभा. कॉलेजला आजही उशीर होणार होता. "नाना, तीन आठवडे तुम्ही काही बोलला नाहीत. परवा तर अक्कासमोर म्हणालात, उत्तम करतो."

"मग काय म्हणू तिच्यासमोर?" नाना म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर दुसरं तिकीट तसंच ठेवलं असतं तिनं." आणि बशी माझ्यापुढं धरली. "वाढ अजून थोडी. वरून मीठ आण."